खामगावचा फोन आणि लासलगावचा कांदा
वाचकांचे प्रश्न : करार कायद्याचा अभ्यास

या वेळच्या टपालात करार कायद्याबद्दलची पत्रं इतकी आहेत की सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. हा विषय मी अकोल्याला संध्याकाळच्या वर्गांना शिकवला. दिवसभर दुकान, पतसंस्था किंवा शाळा सांभाळून येणारी ती मुलं-माणसं होती, त्यामुळे यातल्या बऱ्याच अडचणी माझ्या ओळखीच्या आहेत.

प्रश्न : मॅडम, मी बी.ए. मराठी माध्यमातून केलं आणि यंदा तीन वर्षांच्या एलएलबीला प्रवेश घेतला. करार कायद्याच्या गाइडमध्ये खटलेच खटले आहेत. पाठ करते, पण दुसऱ्या दिवशी नावं एकमेकांत मिसळतात. त्यात निम्मे इंग्लंडचे. कार्बोलिक स्मोक बॉल म्हणजे काय हेच मला कळलेलं नाही. कसं लक्षात ठेवायचं?
– प्रथम वर्षाची विद्यार्थिनी, उदगीर

उत्तर : आधी ते गाइड महिनाभर कपाटात ठेवून दे आणि १८७२ च्या भारतीय करार कायद्याचा बेअर ॲक्ट, म्हणजे टीकेशिवायचा नुसता कायद्याचा मजकूर, घे. बारीक पुस्तक आहे, गाइडपेक्षा स्वस्त. त्यात कलमांच्या खाली उदाहरणं छापलेली असतात. बहुतेक विद्यार्थी ती ओलांडून पुढे जातात आणि तिथेच त्यांचं नुकसान होतं. ती उदाहरणं कायद्याचाच भाग आहेत. कलम ५६ खाली एक आहे : जादूनं गुप्तधन शोधून देण्याचा ठराव शून्य, म्हणजे कायद्याच्या लेखी नसल्यासारखाच. कलम २५ खाली दुसरं : एकाचं हरवलेलं पाकीट दुसऱ्याला सापडलं, त्यानं ते परत दिलं, मालकानं पन्नास रुपये द्यायचं कबूल केलं, तर तो करार होतो. अशी पाच-सहा उदाहरणं वाचलीस की कलमात काय म्हटलंय ते तुझं तुलाच उमगायला लागेल.

आता खटले. नाव हा खटल्याचा सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग असतो. कोण, कुणाला, कधी, काय म्हणालं एवढं डोळ्यांपुढे आणायचं, नाव मागून येतं. आपल्या वऱ्हाडातलाच एक खटला घे.

तारीख २२ जुलै १९५९. अहमदाबादचे व्यापारी खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरीशी ट्रंक कॉलवर बोलतात. सौदा सरकीच्या पेंडीचा, आमच्याकडे तिला ढेप म्हणतात. प्रस्ताव अहमदाबादहून गेला आणि होकार खामगावात उच्चारला गेला. पुढे माल मिळाला नाही म्हणून अहमदाबादकरांनी आपल्या शहराच्या सिटी सिव्हिल कोर्टात ३१,१५० रुपयांचा दावा लावला. खामगावकर म्हणाले, होकार आम्ही इथून दिला, म्हणजे करार इथे झाला, दावाही इथेच चालवा. वरवर पाहता एवढ्याशा मुद्द्यासाठी प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. पण वकील कुठला करायचा, साक्षीदार कुठे न्यायचे, कुणी गावाबाहेर खेटे घालायचे, हे सगळं त्यावर अवलंबून होतं. सौदा झाला त्या दिवशी दोन्ही गावं एकाच द्विभाषिक मुंबई राज्यात होती. १९६५ साली निकाल लागला तेव्हा मध्ये दोन राज्यांची सीमा आलेली होती.

इथे कलम ४ उघड. त्यात म्हटलंय की होकार पाठवणाऱ्याच्या हातातून सुटून वाटेला लागला की प्रस्ताव करणारा बांधला जातो. पत्र पेटीत पडलं की झालं. मग फोनवरच्या शब्दांचं काय? तिघांपैकी दोन न्यायमूर्ती म्हणाले, पत्राचा नियम फोनला लागू नाही. समोरासमोर बोलल्यासारखंच हे बोलणं आहे, होकार ऐकू आला तिथे करार झाला, म्हणजे अहमदाबादला. न्या. हिदायतुल्ला यांनी वेगळं मत दिलं. कायदा झाला तेव्हा टेलिफोन नव्हता हे खरं, पण कलमाचे शब्द आहेत तसे फोनलाही लागू पडतात, बोललेला शब्द परत घेता येत नाही, म्हणून करार खामगावचा, असं त्यांचं म्हणणं. मला आजही हिदायतुल्लांचं मत कलमाच्या शब्दांना जास्त धरून वाटतं. तू उत्तरपत्रिकेत बहुमतच निर्णय म्हणून लिही, कारण कायदा तोच आहे. पण वेगळ्या मताला दोन ओळी दे. तपासणाऱ्याला कळतं की हिनं कलम वाचलंय.

या खटल्याचं नाव भगवानदास गोवर्धनदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल परशोत्तमदास. आता ते विसरून दाखव.

इंग्लंडच्या खटल्यांचंही असंच. १८९० च्या आसपास लंडनमध्ये इन्फ्लुएन्झाची साथ होती. एका कंपनीनं कार्बोलिक ॲसिडची पूड भरलेला रबरी चेंडू बाजारात आणला. त्याला नळी असे, ती नाकाला लावून धूर ओढायचा. जाहिरात अशी होती की दिवसातून तीनदा, दोन आठवडे वापरूनही इन्फ्लुएन्झा झाला तर १०० पौंड देऊ, आणि आमची नियत खरी आहे म्हणून १,००० पौंड अलायन्स बँकेत ठेवलेत. कार्लिल नावाच्या बाईंनी सांगितलं तसं वापरलं, तरी त्या आजारी पडल्या आणि त्यांनी पैसे मागितले. कंपनी म्हणाली, आम्ही कुणा एकाशी बोललोच नव्हतो. कोर्टानं बाईंना १०० पौंड मिळवून दिले, कारण बँकेत पैसे ठेवल्याचं सांगणारा माणूस थापा मारत नसतो आणि सांगितलेली अट पाळणं हाच होकार. आपल्या कलम ८ मध्ये हाच विचार आहे. याच्या शेजारी १९१३ चा अलाहाबादचा लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त ठेव. घरातून पळालेल्या पुतण्याला शोधायला मालकानं मुनीमजींना हरिद्वारला पाठवलं. ते गेल्यावर मालकानं ५०१ रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. मुनीमजींना मुलगा ऋषिकेशला सापडला, पण बक्षिसाची गोष्ट तेव्हा त्यांच्या कानावर नव्हती, म्हणून ते दावा हरले. जो प्रस्ताव माहीतच नाही त्याला होकार कसा देणार? बाईंनी जाहिरात वाचली होती, मुनीमजींनी वाचली नव्हती. दोन्ही खटले असे जोडीनं ठेवलेस की एकही विसरणार नाहीस.

मात्र इंग्लंडचा नियम आणि आपलं कलम वेगळं असेल तिथे कलमच चालतं. उदाहरणार्थ, प्रतिफल, म्हणजे वचनाच्या बदल्यातला मोबदला, वचन घेणाऱ्यानंच द्यावं असा तिकडचा नियम. आपल्या कलम २(ड) मध्ये ‘किंवा इतर कोणत्याही व्यक्तीनं’ असे शब्द आहेत. त्यांच्या बळावर १८८२ साली मद्रासच्या चिन्नय्या खटल्यात, आईनं दिलेल्या जमिनीच्या मोबदल्यात मुलीनं एका नातलगाला वर्षाकाठी ६५३ रुपये देण्याचं दिलेलं वचन कोर्टानं पाळायला लावलं.

प्रश्न : मोहोरी बीबीचा खटला शिकल्यापासून मी अस्वस्थ आहे. अल्पवयीन मुलानं घर गहाण टाकून पैसे घेतले, आणि नंतर ‘मी लहान होतो’ म्हणून सुटला. सावकाराचे पैसे बुडाले. हा कसला न्याय?
– विधी महाविद्यालयाचा विद्यार्थी, जळगाव

उत्तर : तुझी अस्वस्थता प्रामाणिक आहे. पण वर्गात बहुधा तुला खटल्याचा अर्धाच भाग ऐकायला मिळाला.

कलकत्ता, जुलै १८९५. गहाणखत २०,००० रुपयांचं. मुलाच्या आईच्या सॉलिसिटरनं १५ जुलैला सावकाराच्या मुखत्याराला लेखी कळवलं होतं की हा मुलगा अज्ञान, म्हणजे कायद्यानं अल्पवयीन, आहे, याच्याशी व्यवहार कराल तर स्वतःच्या जबाबदारीवर करा. गहाणखतावर सही झाली २० जुलैला. ही चिठ्ठी डोळ्यांपुढे ठेवून खटला पुन्हा वाच. पैसे देणाऱ्या बाजूला सगळं ठाऊक होतं. त्यामुळे ‘मुलानं वय लपवून आम्हाला फसवलं’ हा त्यांचा बचाव प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील न्यायालयात, टिकला नाही. १९०३ च्या निकालानं अज्ञानाचा करार शून्यकरणीय (एका पक्षाला हवं तर रद्द करता येणारा) नाही, मुळातच शून्य आहे हे पक्कं झालं. करारच नव्हता, म्हणून कलम ६४ आणि ६५ खाली पैसे परत करण्याचा प्रश्नही उठला नाही.

या निकालाचा कडकपणा मलाही सगळीकडे पटत नाही. पुढे कायदा थोडा मवाळ झाला. १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम ३३ प्रमाणे अज्ञान प्रतिवादी झाला आणि करार शून्य म्हणून सुटू पाहू लागला, तरी त्याला जेवढा खरोखरीचा लाभ झाला तेवढा परत करायला कोर्ट लावू शकतं. शिवाय मूळ कायद्यातलं कलम ६८ आहेच. अज्ञानाला त्याच्या ऐपतीला साजेशा गरजेच्या वस्तू पुरवल्या तर त्याच्या मालमत्तेतून पैसे मिळतात, त्याच्यावर व्यक्तिशः बोजा येत नाही. परीक्षेत मोहोरी बीबी लिहून थांबू नकोस, ही दोन कलमं लिही.

सावकाराच्या नुकसानीबद्दल म्हणशील तर कलम १६ खालचं तिसरं उदाहरण काढ. गावच्या सावकाराच्या कर्जात असलेला माणूस त्याच्याकडून पुन्हा कर्ज घेतो, आणि अटी उघड उघड जाचक दिसतात. अशा वेळी दबाव नव्हता हे सावकारानं सिद्ध करायचं, कर्जदारानं नाही. हे कलम आज आहे त्या स्वरूपात १८९९ साली आलं. त्याआधी आपल्याकडे काय घडून गेलं होतं ते तुला शाळेपासून माहीत आहे. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या खतावण्या आणि कर्जरोखे जाळले, ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं, आणि १८७९ साली सरकारला डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट करावा लागला. सही केली म्हणजे माणूस बांधला गेला, असं नुसतं धरून चाललं तर काय होतं ते दख्खननं पाहिलं होतं. मुक्त संमतीची कलम १३ ते २२ मी नेहमी हा इतिहास सांगून शिकवली. दोन पक्ष बरोबरीचे नसतात तेव्हा कायद्यानं कुणाच्या बाजूला किती झुकायचं, हा या विषयातला सगळ्यात मोठा प्रश्न मला वाटतो. तू त्याच प्रश्नाशी अडखळला आहेस. अडखळत राहा.

प्रश्न : बँकेतून निवृत्त झाल्यावर हौस म्हणून एलएलबी करतो आहे. नोकरीभर कर्जाची कागदपत्रं हाताळली, तरी प्रॉब्लेमच्या प्रश्नात मला निम्मे गुण पडतात आणि शेजारच्या बाकावरच्या मुलीला माझ्याहून जास्त. उत्तर बरोबर असूनही असं का?
– सांगली

उत्तर : तुम्ही उत्तरपत्रिका पाठवली नाहीत, पण माझ्या वर्गातली बँकेची आणि महसूल खात्याची मंडळी काय करत ते सांगते. अनुभवामुळे त्यांना शेवट लगेच दिसायचा आणि ते पहिल्या ओळीत निकाल लिहून मोकळे व्हायचे. गुण शेवटाला कमी आणि तिथवरच्या वाटेला जास्त असतात.

एक प्रश्न सोडवून पाहू. लासलगावचा व्यापारी सकाळी दहाला वाशीच्या व्यापाऱ्याला व्हॉट्सॲप करतो : ‘उन्हाळ कांदा २०० क्विंटल, २,१०० रुपये क्विंटल, संध्याकाळी सहापर्यंत कळवा.’ दुपारी एकला वाशीहून उत्तर येतं : ‘घेतो, पण गाडीभाडं तुमच्याकडे.’ लासलगावकर काहीच लिहीत नाही. चारला वाशीकर पुन्हा लिहितो : ‘बरं, भाडं माझं. तुमच्या भावानं पक्कं.’ तोवर लासलगावकरानं तीनलाच कांदा दुसऱ्याला दिलेला असतो. वाशीकर नुकसानभरपाई मागतो. मिळेल का?

अनुभवी माणूस लिहितो : ‘बाजारात असं चालतंच, सहापर्यंत मुदत दिली होती, म्हणून शब्द पाळायला हवा.’ बाजाराची रीत म्हणून ते ठीक असेल, पण यात कायदा कुठेच आलेला नाही.

आधी मुद्दा एका वाक्यात मांडा : एकच्या निरोपानं मूळ प्रस्ताव संपला का? मग कलम ७ : स्वीकृती संपूर्ण आणि बिनशर्त हवी. ‘घेतो, पण’ ही स्वीकृती नाही, तो उलटा प्रस्ताव. मग खटला : १८४० चा हाईड विरुद्ध रेंच. १,००० पौंडांना देऊ केलेल्या शेताला घेणाऱ्यानं ९५० म्हटलं, ते नाकारलं गेल्यावर तो १,००० ला तयार झाला. कोर्ट म्हणालं, ९५० म्हणताक्षणी पहिला प्रस्ताव गेला, तो तुम्ही एकट्यानं जिवंत करू शकत नाही. आता हे कांद्याला लावा : एक वाजता प्रस्ताव गेला, म्हणून चारचा निरोप हा वाशीकराचा नवा प्रस्ताव, आणि त्याला लासलगावचा होकार नाही. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. सहाच्या मुदतीचा मुद्दाही सोडू नका. मुदत दिली तरी स्वीकृतीआधी प्रस्ताव मागे घेता येतो, मुदत पाळायला वेगळं प्रतिफल दिलेलं नसेल तर. कलम ५ तेच सांगतं. इथे मात्र कांदा विकल्याचं वाशीकराला कळवलेलं नव्हतं, म्हणून मागे घेण्यावर विसंबू नका, तुमचं उत्तर कलम ७ वरच उभं राहतं. व्हॉट्सॲपवर करार होतो का, असं कुणी विचारलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०अ आहे : केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गानं झाला म्हणून करार बाद ठरत नाही. मग शेवटची ओळ : करार नाही, भरपाई नाही.

आणि याच्याखाली दोन ओळी अशाही लिहा : एकचा निरोप ‘घेतो. भाडं तुमच्याकडे धरायचं का?’ असा असता, तर ती फक्त चौकशी ठरली असती आणि निकाल उलटा लागला असता. शेजारच्या बाकावरची मुलगी बहुधा हेच लिहीत असेल. तुमच्यासारख्या माणसाला हे जड नाही. कर्जाचा प्रस्ताव वरच्या कार्यालयात पाठवताना तुम्ही कारणं क्रमानं मांडतच होतात ना, तसंच इथे मांडा.

प्रश्न : बेअर ॲक्टमध्ये कलम ७५ नंतर एकदम १२४ येतं. माझ्या प्रतीत पानं गळली आहेत का?
– पनवेल

उत्तर : पानं शाबूत आहेत. १८७२ च्या कायद्यात मुळात २६६ कलमं होती. ७६ ते १२३ मालविक्रीची होती. १९३० साली त्यासाठी वेगळा कायदा झाला आणि ती इथून गेली. भागीदारीची २३९ ते २६६ तशीच १९३२ साली गेली. उरलेल्यांपैकी पहिली ७५ म्हणजे सर्वसाधारण तत्त्वं. १२४ पासून पुढे हानिरक्षण (दुसऱ्याचं नुकसान भरून देण्याचं वचन), हमी, निक्षेप (वस्तू काही कामासाठी दुसऱ्याकडे सोपवणं), तारण, अभिकरण (एजन्सी) हे विशेष करार. १२४ वाचशील तेव्हा १९४२ चा मुंबई हायकोर्टाचा गजानन मोरेश्वर पारेलकर खटला सोबत वाच. नुकसान प्रत्यक्ष खिशातून गेल्यावरच हानिरक्षण मागता येतं, की देणं अंगावर पक्कं झालं की लगेच, यावर न्या. छागलांनी स्वच्छ, सोप्या इंग्रजीत लिहिलं आहे. मूळ निकाल वाचायची सुरुवात करायला यापेक्षा चांगला निकाल मला माहीत नाही.

प्रश्न : माझ्या बहिणीला पुण्यात नोकरी लागते आहे. दोन वर्षांचा बॉण्ड आहे, आधी सोडल्यास दीड लाख भरायचे. कलम २७ प्रमाणे व्यवसायाला आडकाठी करणारा ठराव शून्य असतो असं आम्ही शिकलो, म्हणून मी तिला बिनधास्त सही कर म्हणालो. बरोबर आहे ना?
– द्वितीय वर्षाचा विद्यार्थी, चिंचवड

उत्तर : नाही. तिला आजच फोन कर.

कलम २७ चा खरा जोर नोकरी सुटल्यानंतरच्या बंधनांवर आहे. ‘आमच्याकडून गेल्यावर अमुक वर्षं स्पर्धक कंपनीत जायचं नाही’ अशी अट सहसा टिकत नाही. १९८० च्या सुपरिंटेंडन्स कंपनी खटल्यात सुप्रीम कोर्टानं अशी अट उचलून धरली नाही. करार चालू असतानाच्या बंधनांचं तसं नाही. १९६७ चा गोळीकरी खटला बघ. कल्याणच्या सेंच्युरी कारखान्यात टायरच्या दोऱ्याचं काम शिकलेला कर्मचारी पाच वर्षांचा करार मध्येच सोडून कोट्याच्या कारखान्यात गेला. उरलेल्या मुदतीपुरती त्याच्यावर घातलेली मनाई सुप्रीम कोर्टानं कायम ठेवली. आणि अगदी अलीकडे, मे २०२५ मध्ये, विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरण्याची अट कोर्टानं वैध मानली. भरतीची खुली प्रक्रिया पुन्हा राबवायला सार्वजनिक बँकेला खर्च आणि वेळ लागतो, हे त्यात महत्त्वाचं ठरलं.

तरी दीड लाख आपोआप देणं लागत नाही. कलम ७४ प्रमाणे करारातला आकडा ही कमाल मर्यादा, कोर्ट त्याच्या आत वाजवी भरपाई ठरवतं. १९६३ चा फतेहचंद आणि २०१५ चा कैलाशनाथ हे दोन्ही निकाल त्यासाठी वाच. कंपनीनं तिच्यावर खरोखर काही खर्च केला का, प्रशिक्षण दिलं का, किती आठवड्यांचं, हे प्रश्न तेव्हा येतात. म्हणून सहीआधी तिनं एवढं करावं : प्रशिक्षणाचं स्वरूप आणि खर्च लेखी मागावा, जितके महिने काम झालं तितक्या प्रमाणात रक्कम कमी होईल अशी ओळ घालून मागावी, कंपनीनंच काढून टाकलं तर ही अट लागू नाही हे लिहून घ्यावं, आणि सही झालेली प्रत त्याच दिवशी स्वतःकडे ठेवावी. मूळ गुणपत्रिका मागत असतील तर साक्षांकित प्रती द्याव्यात, मूळ कागद देऊ नयेत. ओळ बदलून मिळाली नाही तरी तिनं मागणी ईमेलनं करावी आणि तो ईमेल जपून ठेवावा.